बदलाचे परीक्षण आणि पाठचिकित्सा

लिनक्स या संगणक-प्रणालीच्या गाभ्यात फायलींविषयीचा बदल परीक्षकापुढे येतो तो पाठभेदासारखा : जुनी ओळ, नवी ओळ आणि भोवतालच्या मोजक्या ओळी. एवढ्यावर दिलेला निर्णय अपुरा होय. २०१६ साली पाइपविषयक नव्या संहितेत ‘फ्लॅग्ज’ या रकान्यास आरंभीचे मूल्य द्यावयाचे राहिले. तेव्हा हानी झाली नाही. २०२० मध्ये दुसऱ्या बदलाने त्याच रकान्यास नवा अर्थ दिला आणि केवळ वाचनाची मुभा असलेल्या फायलीवर लिहिणे शक्य झाले. २०२२ मध्ये हा दोष ‘डर्टी पाइप’ या नावाने उघडकीस आला. राहून गेलेली ओळ बदलाच्या उताऱ्यात दिसत नाही. पोथीचा संपादक शब्दाचे सर्व प्रयोग ताडून पाहतो. नांदेड-लातूरच्या संगणक-विद्यार्थ्यांसही हाच दंडक लावावा.