शब्द ज्याचे त्याच्या नावावर

संगणकावरील जुन्या गप्पांविषयी हल्ली मोठ्या उमाळ्याने लिहिले जाते. तेव्हा चित्रे नव्हती, जाहिराती नव्हत्या, काळ्या पडद्यावर नुसती अक्षरे उमटत. म्हणूनच माणसे मन लावून लिहीत आणि मन लावून वाचीत, असा या लेखनाचा सूर असतो. मला तो पुरता पटत नाही. अक्षरांचा तुटवडा आजही नाही. हातातल्या फोनवर सकाळपासून जे येऊन पडते, त्यात मजकूर भरपूर असतो. मग हरवले ते काय? हे पाहायचे तर हॉवर्ड ऱ्हाइनगोल्ड यांचे 'द व्हर्च्युअल कम्युनिटी' हे १९९३ सालचे पुस्तक पुन्हा उघडावे. या विषयावरचे ते आरंभीचे आणि अजूनही वाचनीय असे पुस्तक आहे.

पुस्तकाचा गाभा म्हणजे 'वेल' नावाच्या एका मंडळीची हकीकत. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सॉसालिटो गावात १९८५ साली स्ट्यूअर्ट ब्रँड आणि डॉ. लॅरी ब्रिलियंट यांनी ती सुरू केली. (हे ब्रिलियंट म्हणजे आपल्याकडे देवीच्या रोगाच्या निर्मूलनासाठी राबलेले डॉक्टर.) टेलिफोनच्या तारेला मोडेम जोडून लोक तेथे येत. वर्गणी भरावी लागे, शिवाय तासाचे पैसे. विषयवार दालने होती आणि प्रत्येक दालनाला एखादा यजमान असे. पाहुण्याला बसवणे, दोघे हातघाईवर आले तर मध्ये पडणे, हे त्याचे काम.

१९८६ च्या उन्हाळ्यात लेखकाच्या दोन वर्षांच्या मुलीच्या डोक्याला गोचीड चिकटली. पत्नीने डॉक्टरांकडे फोन केला. यांनी पालकांच्या दालनात प्रश्न टाकला. डॉक्टरांकडून उलट फोन येईपर्यंत 'वेल'वरच्या एका सभासद डॉक्टरांच्या सल्ल्याने गोचीड निघालीही होती. हा प्रसंग लोक वेगाचे उदाहरण म्हणून सांगतात. मला त्यातले महत्त्व निराळ्या ठिकाणी दिसते. उत्तर देणारा कोण, हे विचारणाऱ्याला ठाऊक होते. कालही तो तेथेच बोलला होता आणि उद्याही तेथेच भेटणार होता. चुकीचा सल्ला दिला असता तर चारचौघांत जाब द्यावा लागला असता.

'वेल'च्या दारावरच एक वाक्य होते. त्याचा आशय असा, की तुमचे शब्द तुमच्या मालकीचे. ब्रँड यांचा रोख जबाबदारीकडे होता: लिहाल त्याचे उत्तर तुम्हीच द्यायचे, चालकांनी नव्हे. पुढे काही सभासदांनी त्यातून हक्काचा अर्थ काढला. त्या हक्काचे टोक एका सभासदाने गाठले. वर्षानुवर्षे लिहिलेले आपले सगळे बोलणे त्याने एक प्रोग्राम चालवून पुसून टाकले. काही आठवड्यांनी त्याने आत्महत्या केली. मागे राहिली ती इतरांची उत्तरे, मूळ प्रश्न नसलेली, अधांतरी लोंबकळणारी. पुस्तकातली ही पाने मला सर्वांत मोलाची वाटतात. एरवी ऱ्हाइनगोल्ड यांना प्रचारकाचा उत्साह आवरत नाही. येथे मात्र ते थबकतात. एकाचे शब्द गेले की दुसऱ्याच्या शब्दांचाही अर्थ जातो, हे त्यांना दिसले आहे.

जे दिसले नाही ते उपशीर्षकात आहे. विजेच्या 'फ्राँटियर'वर घरे वसवणे, अशी त्यांची कल्पना. अमेरिकेत या शब्दाचा अर्थ मोकळी जमीन; जो आधी जाऊन कुंपण घालील त्याची. तेथे आधी कोण राहत होते, हा प्रश्न त्या शब्दातच बुजून जातो. आपण सीमाभागातली माणसे. सीमा म्हणजे मोकळे रान असा अनुभव आपल्याला कधी आला नाही. एका बोळात तीन भाषा आणि प्रत्येकाला प्रत्येकाचे आजोळ माहीत, ही आपली सीमा. 'वेल' तशीच होती, हे लेखकाला कळायला हवे होते. तिचे बरेच सभासद एकाच खाडीच्या काठचे; दर महिन्याला कचेरीत प्रत्यक्ष जमत, खात-पीत. तो शेजार होता. शेजाराचे बी पृथ्वीभर कोठेही रुजेल, हा मात्र त्यांचा भाबडा विश्वास. २००० सालच्या नव्या आवृत्तीत एक प्रकरण वाढवून त्यांनी स्वतःच आपली मते पुन्हा तपासली, हे त्यांच्या प्रामाणिकपणाला धरूनच झाले.

मौज अशी, की पुस्तक निघाले त्याच सुमाराला 'यूजनेट' या जुन्या चर्चाजाळ्यात पाणी शिरले. अमेरिकेत सप्टेंबरात कॉलेजे भरतात. नवी मुले जाळ्यावर येत, धुडगूस घालत आणि जुनी माणसे महिनाभरात त्यांना रीत शिकवत. आमच्या शाळेत जूनमध्ये पाचवीचे वर्ग जसे मार्गी लागतात, तसेच. १९९३-९४ पासून व्यापारी कंपन्यांनी आपल्या ग्राहकांना दार उघडून दिले आणि लोंढा थांबेना. जुन्या लोकांनी त्याला 'न संपणारा सप्टेंबर' असे नाव ठेवले. नवे लोक वाईट नव्हते. त्यांना शिकवायला माणसे पुरली नाहीत. बारमाही प्रवेश चालू असलेली शाळा कोणता मुख्याध्यापक चालवील?

मराठीत १९९६ साली 'मायबोली' सुरू झाली तेव्हा पडद्यावर देवनागरी उमटवणेही जिकिरीचे होते. तरी परदेशातली मराठी माणसे तेथे नेटाने लिहीत राहिली आणि वाचणारे लिहिणाऱ्याला त्याच्या नावाने, निदान टोपणनावाने ओळखू लागले. आता आमच्या भागात भाषेच्या प्रश्नावर काही घडले, की तासाभरात एक संदेश घरोघर पोचतो. पलीकडच्या घरात त्याच सुराचा कन्नड संदेश पोचलेला असतो. दोन्हींवर सही नसते. पाठवणाऱ्याला विचारले तर तो सांगतो, 'मला आला, मी पुढे ढकलला.' त्याच्याशी वाद घालता येत नाही आणि त्याची माफीही मिळत नाही. ज्या गल्लीत दोन भाषांची घरे भिंतीला भिंत लावून उभी आहेत, तेथे हे परवडणारे नाही.

'वेल' बुडाली नाही. १९९९ मध्ये ती 'सॅलन' कंपनीकडे गेली. २०१२ मध्ये जुन्या सभासदांच्या एका गटाने पैसे जमवून ती परत विकत घेतली. वर्गणी अजूनही भरावी लागते.