मुंबईचे कलाशिक्षण आणि महाराष्ट्रातील जलरंगचित्रण

महाराष्ट्रातील जलरंगचित्रण म्हणजे इंग्रजी पद्धतीचे अनुकरण होय, असा निर्णय दिला की टीकाकाराचे काम बहुधा संपते. हा निर्णय सर्वस्वी खोटा नाही. पण तो अपुरा आहे. मुंबईस १८५७ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळा स्थापन झाली आणि पारदर्शक रंगाचे पातळ थर देऊन कागदाची शुभ्रता प्रकाशासाठी राखण्याची रीत येथील विद्यार्थ्यांस इंग्रज अध्यापकांकडून मिळाली. परंतु ज्या दमट, धूसर हवेत ती रीत घडली, ती हवा काही तिच्याबरोबर आली नाही. देशावरच्या उन्हाळ्यात रंगाचा थर पसरण्यापूर्वीच वाळू लागतो व छायेची कड धारदार पडते. या अडचणीशी ज्यांनी झुंज घेतली, त्यांच्याच हातून या माध्यमास प्रादेशिक रूप आले.

आबालाल रहिमान हे याचे ठळक उदाहरण होय. मुंबईच्या कलाशाळेत शिकून ते कोल्हापुरास परतले, शाहू महाराजांचा आश्रय त्यांस लाभला आणि रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगा यांच्या काठची दृश्ये त्यांनी पुनःपुन्हा रंगविली. परीक्षेचा विद्यार्थी एक विषय संपवून दुसऱ्याकडे वळतो. आबालाल त्याच पाण्याकडे परत परत गेले. महाराजांच्या निधनानंतर, १९२२ मध्ये, त्यांनी आपली असंख्य चित्रे पाण्यात सोडली, अशी आख्यायिका सांगतात. तिचे खरेखोटे काहीही असो, अभ्यासकाच्या हाती फार थोडे उरले आहे.

सा. ल. हळदणकरांनी १९०८ मध्ये मुंबईत स्वतःची चित्रशाळा काढली. अशा खाजगी वर्गांमुळे ही विद्या दूरवर पोचली, हे मान्य करावयास हवे; मात्र देऊळ, घाट, बाजारपेठ यांचा एक ठराविक साचाही त्याच काळात रूढ झाला, आणि कौशल्याची सवय होताच निरीक्षण मंदावले.

हळदणकरांचे स्वतःचे सामर्थ्य मात्र या साच्यात मावत नाही. म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील त्यांचे दिवा घेतलेल्या स्त्रीचे चित्र १९४५ च्या सुमाराचे आहे. ज्योतीचा उजेड बोटांतून झिरपतो तो जलरंगात! तरीही हे चित्र रविवर्म्याचे म्हणून आजवर वारंवार सांगितले गेले आहे. रविवर्मा १९०६ मध्येच निवर्तला होता. या चुकीचे मूळ बहुधा असे की, एवढे भरीव छायाप्रकाशाचे काम तैलरंगाखेरीज होऊच शकत नाही, अशी आपली समजूत आहे.