परस्वहरणाची परिभाषा

परकी शब्द मराठींत ठेवावे कीं काढावे, हा वाद आपल्याकडे राज्यव्यवहारकोशाइतका जुना आहे. या वादांत शब्दाचें कुळ पाहिलें जातें; त्याचें वर्तन मात्र क्वचितच तपासलें जातें. दुसऱ्याची मालमत्ता काढून घेण्याच्या क्रियेला आपण जीं नांवें देतों, त्यांच्यापुरती ही तपासणी येथें करावयाची आहे. तिला बीड जिल्हा फार सोयीचा आहे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत तो निजामाच्या राज्यांत होता. तेथील राजभाषा आधीं फारसी, मग उर्दू. पुढें १९५६ मध्यें तो मुंबई राज्यांत व १९६० मध्यें महाराष्ट्रांत आला. अर्थात् सरकारच्या दोन परिभाषा त्याच्या वांट्याला आल्या: एक अरबी-फारसी, दुसरी इंग्रजीवरून घडविलेली संस्कृत.

पहिलींतला ठळक शब्द ‘जप्ती’. मूळ अरबी ‘ज़ब्त’ म्हणजे घट्ट धरणें, काबूंत ठेवणें; उर्दूंत दुःख मनांत दाबून धरण्यालाहि हाच शब्द आहे. इंग्रजी ‘अटॅचमेंट’चीहि तीच तऱ्हा: कोर्टांत तिचा अर्थ जप्ती, घरांत माया. दोन्ही शब्दांत निदान धरणारा हात दिसतो. थकबाकीपायीं दावणीचे बैल सोडून नेले जातात, तेव्हां ‘जप्ती आली’ या दोन शब्दांचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाहीं.

‘खालसा’ या शब्दाची कथा अधिक बोधप्रद आहे. अरबी ‘खालिस’ म्हणजे शुद्ध, निर्भेळ. ज्या मुलखांत मधला जहागीरदार नाहीं, जो निव्वळ सरकारचा, तो खालसा. म्हणजे दुसऱ्याचा हक्क ही भेसळ आणि तो काढून टाकणें हें शुद्धीकरण! जन्मतः हा शब्द सत्तेची भलावण करणाराच होता. परंतु मराठी माणसाच्या तोंडीं त्याचा मुलामा उडाला. याचें उत्तम उदाहरण बीडबाहेरचें आहे. १८४८ मध्यें डलहौसीनें साताऱ्याचें राज्य घेतलें, १८५४ मध्यें नागपूरचें. ज्या तत्त्वावर हीं राज्यें घेतलीं, त्याला इंग्रजींत ‘लॅप्स’ असें नांव आहे. लॅप्स म्हणजे हक्क आपोआप गळून पडणें. जणूं फळ पिकलें आणि पडलें, तोडणारा कोणीच नाहीं! आमच्या इतिहासलेखकांना हें नांव रुचलें नाहीं. त्यांनीं ‘राज्य खालसा केलें’ असें लिहिलें. ‘केलें’ म्हटलें कीं करणारा आलाच. उघड्या कृत्याला उघडें नांव देण्यासाठीं इंग्रजीला आमचाच ‘लूट’ हा शब्द उचलावा लागला, हेंहि येथें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

आतां दुसरी परिभाषा पाहूं. तिचा मुकुटमणि ‘भूसंपादन’. १८९४ च्या कायद्यांतील ‘अ‍ॅक्विझिशन’चें हें भाषांतर. कुळाच्या दृष्टीनें यांत नांव ठेवण्यास जागा नाहीं. पण आपण विद्या संपादन करतों, कीर्ति संपादन करतों. मासिकाचेंहि संपादनच होतें. संपादन हें श्रमाचें, गुणाचें फळ. माजलगांवास सिंदफणेवर धरण झालें, नगर-बीड-परळी लोहमार्गासाठीं शेतें घेतलीं गेलीं, तेथें या शब्दानें फक्त मिळविणाराची बाजू सांगितली. ज्याचें गेलें त्याला त्यांत स्थान नाहीं. शेतकरी स्वतः ‘जमीन धरणांत गेली’ असें म्हणतो. त्याच्या वाक्यांतहि घेणारा नाहीं, पण निदान हानि आहे.

कोणी म्हणेल, सार्वजनिक कामासाठीं मोबदला देऊन घेतलेल्या जमिनीला लूट म्हणावें काय? मुळींच नव्हे. परंतु तिला निव्वळ मिळकतहि म्हणूं नये. खुद्द कायदा या बाबतींत आपल्या नांवापेक्षां प्रामाणिक आहे. १८९४ च्या कायद्यांत बाजारभावावर शेंकडा १५, आणि १९८४ च्या दुरुस्तीनंतर शेंकडा ३०, इतकी जादा रक्कम देण्याचें कलम होतें. आणि तिचें कारण, घेणें सक्तीचें आहे हेंच, तेथें स्पष्ट लिहिलें होतें. १ जानेवारी २०१४ पासून अंमलांत आलेल्या नव्या कायद्यानें ही दिलाशाची रक्कम भरपाईच्या शंभर टक्के केली. सक्ती झाली हें कायद्याला ठाऊक आहे, तिची किंमतहि तो मोजतो. केवळ शीर्षकांत ती सांगण्याचा त्याला संकोच वाटतो.

तेव्हां शब्दाची परीक्षा त्याच्या जन्मस्थानावरून करूं नये. ‘खालसा’ अरबी असून दांभिक जन्मला आणि वापरानें खरा झाला. ‘संपादन’ संस्कृत असून येथें खरें बोलत नाहीं. नोटिशींत ‘जमिनीची सक्तीची खरेदी’ असें लिहावें. ‘सक्ती’ आणि ‘खरेदी’ हे दोन्ही शब्द फारसींतून आले म्हणून शुद्धिवाद्यांनीं रागावूं नये. त्यांत घेणाराचा जोर आहे आणि देणाऱ्याचा मोबदलाहि आहे. आणि ज्याच्या हातीं ती नोटीस पडते, त्याला ती वाचून दाखविण्यासाठीं दुसऱ्याकडे जावें लागणार नाहीं.