बोंडात जनुक आहे, पण कोणत्या पेशीत?

‘हे जनुक कपाशीत व्यक्त होतं’ असं वाक्य तुमच्या सिनॉप्सिसमध्ये असेल, तर पहिला प्रश्न येणार: कोणत्या भागात, कोणत्या पेशीत? अकोला-अमरावतीकडे पऱ्हाटीवर पीएच.डी. करायची असेल, तर हा प्रश्न टाळूच नका. त्यासाठी एक पेपर वाचा. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतल्या डॉ. केशव क्रांती आणि सहकाऱ्यांचा, २००५ साली ‘करंट सायन्स’मध्ये आलेला.

भारतात बीटी कपाशीला २००२ मध्ये परवानगी मिळाली. तिच्यातलं क्राय१एसी जनुक ३५एस प्रमोटरवर चालतं. हा प्रमोटर ‘सगळीकडे, कायम चालू’ असंच आपण शिकतो. या गटाने झाडाचे भाग वेगळे करून प्रथिन मोजलं. पानांत ते सर्वांत जास्त निघालं. बोंडाची साल, पातीतली कळी आणि फुलाचं अंडाशय यांत अपुरं. म्हणजे बोंडअळी जे खाते, तिथेच कमी!

पेपरची खरी ताकद नमुने घेण्याच्या पद्धतीत आहे. अख्खं बोंड कुटून मोजलं असतं, तर साल आणि सरकीची सरासरी हाती आली असती आणि फरक दिसलाच नसता.

आता मर्यादा. भाग म्हणजे पेशी नव्हे. सरकीवरचा कापसाचा प्रत्येक तंतू म्हणजे बीजांडाच्या बाह्यत्वचेतली एकच लांबलेली पेशी, आणि त्या त्वचेतल्या साधारण पाव पेशीच तंतू होतात. शेजारच्या पेशींचं नियमन वेगळं असतं. दुसरं, प्रथिन कमी का? जनुक कमी वाचलं जातं, एमआरएनए लवकर तुटतो, की प्रथिनच तुटतं? फक्त प्रथिन मोजून हे कळत नाही. तिसरं, ‘दर ग्रॅम’ आकडा दिसला की विचारा, ग्रॅम कशाचा? पाणीदार, मोठ्या पेशींच्या भागात तोच आकडा आपोआप उतरतो.

मग नवीन पद्धती वापरायच्या का? आधी त्यांची किंमत बघा. लेझर मायक्रोडिसेक्शनमध्ये हव्या त्या पेशी कापून घेता येतात, पण आरएनए जेमतेम मिळतो. रॉजर डील आणि स्टीव्हन हेनिकॉफ यांची २०१० ची ‘इनटॅक्ट’ पद्धत अरॅबिडॉप्सिसच्या मुळांतल्या केसपेशींची केंद्रकं चुंबकाने वेगळी करते; सुंदर पद्धत आहे, पण त्यासाठी आधी खूण लावलेलं ट्रान्सजेनिक झाड हवं, आणि कपाशीत ते करायला महिनोन्‌महिने जातात. सिंगल-न्यूक्लियस सिक्वेन्सिंगला खूण लागत नाही, मात्र त्यात केंद्रकातलाच आरएनए दिसतो. आणि यातली एकही पद्धत तुम्हाला प्रथिन दाखवत नाही! कोणत्या पेशीत क्राय१एसी आहे हे बघायचं, तर उतीचे पातळ काप घेऊन त्यांवर अँटिबॉडीचं रंजनच करावं लागेल.

म्हणून गाईडसमोर मशीनचं नाव नेऊ नका, प्रश्न न्या. ‘सालीत प्रथिन कमी का?’ असा प्रश्न असेल, तर त्याच नमुन्यात एमआरएनए आणि प्रथिन दोन्ही मोजणं ही पहिली पायरी. एमआरएनए भरपूर असून प्रथिन कमी निघालं, तर प्रमोटरमागे धावण्यात तीन वर्षं वाया जाणार नाहीत. आरटी-पीसीआर आणि एलायझा एवढ्यावर हे काम सुरू होतं. पेशीपर्यंत जायचं की नाही, ते त्या उत्तरानंतर ठरवा.