माजघरातलं सुतक

महेश एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ १९८५ साली रंगभूमीवर आलं. त्यावर बोलणारे बहुतेक जण वाड्यात बंद पडलेल्या ट्रॅक्टरपाशी थांबतात. ट्रॅक्टर म्हणजे मोडलेली जमीनदारी, वगैरे. आहे खरं. पण मला विचाराल तर खरं नाटक माजघरात चाललंय.

विदर्भातलं देशपांड्यांचं घर. तात्याजी गेलेत, तेरावं व्हायचंय, मुंबईचा सुधीर बायकोला घेऊन आलाय. सुतकाचे दिवस कसे असतात ते गावाकडच्या माणसाला सांगायला नको. बाप्ये ओसरीवर, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलत बसतात. बाया आत. सासू, जावा, नणंद, सगळ्या एका चुलीभोवती. एरवी रानातल्या कामाच्या रगाड्यात जे दबून राहतं, ते या रिकामपणात वर येतं. कुणाच्या बाळंतपणाला कोण आलं नव्हतं, सासूनं कुणाला काय गुपचूप दिलं. शहरातल्या वाचकाला हे भांडण वाटतं. आमच्याकडं त्याला हिशेब म्हणतात.

या नाटकात हिशेब सोन्याचा आहे. थोरली वहिनी रात्री घराण्याचे दागिने अंगावर चढवून बघते, तो प्रसंग वाचताना मला तिचा राग आला नाही. हयातभर राबली, पण पेटीतलं सोनं तिचं कधी नव्हतंच. आणि तेच सोनं घेऊन तिची पोर रंजू शिकवणीच्या मास्तराबरोबर पळून जाते! रंजूचं लक्षण आधी कुणालाच दिसलं नसेल? घरातली गुपितं बहुधा सगळ्यांना ठाऊक असतात. तोंडानं पहिल्यांदा कोण म्हणणार, एवढंच बाकी असतं.

माझी तक्रार प्रभाबद्दल आहे. तिला शिकायचं होतं, बापानं शिकू दिलं नाही. तिचं दुःख लेखकानं फार जिवाभावानं लिहिलंय. पण शिक्षणाच्या दुःखाला जितकी जागा मिळते, तितकी तिच्या वाट्याच्या रानाला मिळत नाही. १९५६ च्या कायद्यानं बापाच्या हिश्श्यात लेकीचा वाटा होताच. पुढं १९९४ ला महाराष्ट्रानं आणि २००५ ला दिल्लीनं वडिलोपार्जित जमिनीतही तिला भावाच्या बरोबरीनं बसवलं. तरी आमच्या भागात माजघरात सोन्यावरून रडारड होते आणि सातबारा ओसरीवरच राहतो.

वहिनीनं नणंदेला रानाबद्दल एक वाक्य विचारायला हवं होतं. ते वाक्य आलं असतं तर वाड्याचा खरा चिरा हलला असता. आमच्याकडं बहिणी बापाच्या तेराव्याला येतात, साडीचोळी घेतात, आणि परत जाताना भावाची गाडी तालुक्याच्या दुय्यम निबंधकाच्या कचेरीपाशी थांबते. हक्कसोडपत्र आधीच टाइप करून आणलेलं असतं.