कायमचे देऊळ, दरवर्षीची नवी घाई

अमेरिकेच्या संघीय महामार्ग प्रशासनाने २००३ साली ‘मॅनेजिंग ट्रॅव्हल फॉर प्लॅन्ड स्पेशल इव्हेंट्स’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. मोठ्या समारंभांस जाणाऱ्या-येणाऱ्या माणसांची व वाहनांची व्यवस्था कशी लावावी, हा त्याचा विषय. क्रीडांगणे व सभागृहे डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेल्या ग्रंथाचे परीक्षण देवस्थानांच्या मंडळींनी कशासाठी वाचावे, असे कोणी विचारील. समारंभांचे पाच प्रकार कल्पून ग्रंथकारांनी पहिले स्थान दिले आहे ते कायम स्थळी पुनःपुन्हा होणाऱ्या समारंभास. आमची जत्रा याहून निराळी ती काय? देऊळ जागचे हलत नाही, आणि तिथी पंचांगात आधीच छापलेली असते.

स्थळ कायम असेल तर योजनाही कायमची व लेखी असावी, हा ग्रंथाचा आग्रह आम्हांस मोलाचा वाटतो. वाहनतळ दूर ठेवून तेथून बसच्या फेऱ्या कशा चालवाव्यात, पायी चालणाऱ्यांची वाट वाहनांपासून वेगळी कशी राखावी, हे त्यात तपशिलाने आले आहे. लोकांच्या परतण्याचा विचारही स्वतंत्रपणे केला आहे. जत्रेस येणारे लोक रात्रभर थोडेथोडे येतात. निघतात मात्र विधी आटोपताच, सगळे एकदम. समारंभानंतर पोलीस, बस चालविणारे व स्थळाचे व्यवस्थापक यांनी एकत्र बसून काय चुकले ते टिपून ठेवावे, असेही ग्रंथकार सांगतात. आमच्याकडे जत्रेनंतर हिशेब होतो तो बहुधा पावतीपुस्तकांचा!

तथापि ह्या ग्रंथाच्या पायातच एक उणीव आहे. कायम स्थळ म्हटले की आसनांची संख्या ठाऊक, तिकिटे आगाऊ विकलेली आणि आरंभ-शेवटाच्या वेळा ठरलेल्या, असे तो धरून चालतो. शिरगावच्या श्रीलईराईच्या जत्रेस हे माप लावून पाहावे. वैशाख शुद्ध पंचमीस हातात बेत घेतलेले व्रतस्थ धोंड तळीवर स्नान करून देवळाकडे जातात आणि उत्तररात्री होमकुंडातून चालतात. येथे प्रेक्षक एकीकडे व समारंभ दुसरीकडे, असे नाही. धोंडांची ही ये-जा हाच विधी आहे. ३ मे २०२५ च्या पहाटे तेथील अरुंद उतारावर चेंगराचेंगरी होऊन सहा भाविकांचे प्राण गेले. शासनाच्या चौकशी समितीने देवस्थान समितीपासून पोलिसांपर्यंत सर्वांवर मिळून ठपका ठेवला. सर्वांचा दोष म्हटला की तो कोणाच्याच पदरी पडत नाही, ही भीती आम्हांस वाटते. म्हणूनच प्रत्येकाचे काम आधी लिहून ठेवण्याची ग्रंथातील रीत आम्ही उचलून धरतो.

तिकिटाविषयी ग्रंथकारांचा विश्वास आम्हांस काहीसा भाबडा वाटतो. तिरुमलाचे उदाहरण घ्यावे. तेथे १९४४ च्या घाटरस्त्यास १९७४ साली दुसऱ्याची जोड मिळाली. वाहने नव्या रस्त्याने चढतात, जुन्याने उतरतात, आणि समोरासमोर येतच नाहीत. इतकी साधी व इतकी गुणकारी योजना आमच्या पाहण्यात थोडीच आहे. पण ८ जानेवारी २०२५ रोजी, वैकुंठद्वार दर्शनाची टोकने मिळविण्यासाठी खाली तिरुपती शहरात लोटलेल्या गर्दीत सहा जण दगावले. गर्दी आवरण्यासाठी काढलेले टोकन हेच तेथे गर्दीचे कारण झाले! ज्या ग्रंथाच्या लेखी तिकीट म्हणजे आधीच हाती आलेली माहिती, त्याला हा प्रकार सुचणे कठीणच.

असा ग्रंथ आमच्या भाषांत लिहावयाचा झाल्यास त्यातील वाहनतळांचे व बसच्या फेऱ्यांचे भाग जवळजवळ जसेच्या तसे घेता येतील. पहिले प्रकरण मात्र नव्याने लिहावे लागेल. तळीपासून देवळापर्यंतची वाट किती हात रुंद, खाज्यांच्या व फुलांच्या दुकानांनी त्यातली किती अडविली, उतार कोठे लागतो, आणि दर्शन घेतलेल्या माणसास परतण्यास दुसरी वाट कोणती, हे त्यात यावे. ही मोजणी महाजनांनी जत्रेच्या दिवशी नव्हे, तर देऊळ रिकामे असेल अशा एखाद्या दुपारी करावयाची आहे.