शब्द मोजावेत की अक्षरे?

महाजालावर लेख पाठवण्याची सोय झाली आणि ‘कमाल ३०० शब्द’ ही अट यंत्राच्या हाती गेली. पूर्वी संपादक नजरेने अंदाज घेत. आता तीनशेएकावा शब्द कित्येक ठिकाणी स्वीकारलाच जात नाही. मर्यादा असावी. आक्षेप आहे तो मापाला.

यंत्राच्या लेखी शब्द म्हणजे दोन मोकळ्या जागांमधला मजकूर. ‘शाळेत जाणाऱ्यांसाठीसुद्धा’ हे मराठीत दोन शब्द; इंग्रजीत ‘ईव्हन फॉर दोज गोइंग टू स्कूल’ असे सहा. कमाल मर्यादेत आपला फायदाच म्हणा ना! पण ‘किमान’ शब्दांची अट आली की मुले ‘करण्यासाठी’चे ‘करण्या साठी’ करू लागतात. शब्दयोगी अव्यय तोडू नये हे आपण फळ्यावर शिकवायचे आणि मोजणीने तोडणाऱ्यालाच गुण द्यायचे, असा हा प्रकार.

चिन्हे मोजण्याची तऱ्हा आणखी वेगळी. मोबाइलच्या एका लघुसंदेशात १४० बाइट, म्हणजे ११२० बिट जागा असते. रोमन अक्षराला ७ बिट पुरतात, म्हणून १६० अक्षरे बसतात. देवनागरी चिन्हाला १६ बिट लागतात. ११२० भागिले १६, म्हणजे फक्त ७०. त्यातही चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे. ‘चाळीसगाव’ फळ्यावर लिहून मुलांना मोजायला सांगा. ती पाच अक्षरे सांगतील. युनिकोड मात्र काना आणि वेलांटी सुटे धरून आठ मोजते. ‘क्षि’ या एकाच अक्षराची तर चार चिन्हे होतात: क, हलन्त, ष आणि वेलांटी.

याच चाळीसगावच्या दक्षिणेला, डोंगराच्या पायथ्याशी पाटण आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ काढला, याची नोंद तिथल्या शके ११२८ (इ.स. १२०६-०७) च्या शिलालेखात आहे. तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. भास्कराचार्यही मर्यादेतच लिहीत होते: अनुष्टुभाच्या चरणात अक्षरे आठच. पण ते माप उच्चाराचे होते. जोडाक्षर मागच्या अक्षराला गुरू करते, संख्या मात्र वाढवत नाही.

तरीही आखूडपणाची किंमत त्यांनाही चुकली नाही. श्लोकात रीत मावते, उपपत्ती मावत नाही. ‘सिद्धांतशिरोमणी’ ११५० मध्ये रचला, तर त्यातल्या ज्योतिषावर ‘वासनाभाष्य’ त्यांना स्वतःलाच गद्यात लिहावे लागले. आपल्या मुलांचे ‘५० शब्दांत उत्तर लिहा’ तपासताना हेच दिसते. नियम उतरतो, ‘का’ गळतो. आणि भाष्याला जागा कुठेच नसते.

देवनागरी जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम युनिकोडच्या १५.१ या आवृत्तीत, २०२३ साली आला. मोजणाऱ्या यंत्रांनी तो पाळला, तर निम्मी तक्रार मिटेल. शाळेच्या भित्तिपत्रकासाठी मात्र तेवढीही वाट पाहायला नको: मर्यादा ओळींत द्यावी आणि ‘का’चे उत्तर तिच्या बाहेर ठेवावे.